फणी आणि छत्री: सोलापूरच्या जुन्या कॉन्व्हेंटमधली उचललेली फरशी

ज्यांच्या घरात जुने फोटो नाहीत, ज्यांच्या आजीचं नाव कुठल्याच कोनशिलेवर नाही, आणि आईने सांगितलेली गोष्ट चारचौघांत सांगितली की ज्यांना आधी ‘पुरावा काय?’ असं विचारलं जातं, त्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आपलं दुखणं एकच आहे. ज्यांच्याकडे दगडी कमान असते त्यांचा इतिहास होतो आणि आपला ऐकीव मजकूर. मी सोलापूरला गेले ती पुरावा आणायला. तो मिळाला, पण मला हवा होता तसा नाही. आणि मिळाला तेव्हा तो अर्धा उचलून भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

सुरुवात इचलकरंजीजवळच्या एका गावातल्या व्याख्यानापासून करते. पंचवीस वर्षं मी बोलते आहे आणि जवळजवळ प्रत्येक भाषणाच्या शेवटी माझ्या आईची एक गोष्ट सांगते. वैरागजवळच्या बौद्ध वस्तीतली माझी आई सुमन दहा वर्षांची असताना सोलापूरला ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगला राहिली. तिथे सगळ्या मुली एका पंगतीत जेवायच्या. ‘माझ्या आईला समता पुस्तकात भेटली नाही, ताटावर भेटली’ हे माझं वाक्य. टाळ्या ठरलेल्या. त्या संध्याकाळीही पडल्या. मग तिसऱ्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले.

“बाई, माझी आत्या त्याच बोर्डिंगात होती. तिथं दोन पंगती होत्या. तुमच्या आई खालच्या पंगतीत असणार.” एवढं बोलून ते खाली बसले. आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. मी काहीतरी चटपटीत उत्तर दिलं, लोक हसले. ते हसले नाहीत.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी विचारलं, “आई, कॉन्व्हेंटात दोन पंगती होत्या?” तिने देठ मोडायचं थांबवलं नाही. म्हणाली, “जाऊन बघ की.”

आयुष्यात पहिल्यांदा आईने मला सोलापूरला जायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरच्या स्टँडवर होते.

रस्त्याचं आधी सांगते, कारण तुम्ही निघालात तर उपयोगी पडेल. मिरज सोडलं की सांगोला, मंगळवेढ्यावरून जाणारा महामार्ग आता चौपदरी आणि सुरेख आहे. एसटीने साडेपाच तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त, आणि गप्पांना तोटा नाही. सांगोल्याच्या स्टँडवर डाळिंबाचे दाणे कागदी ग्लासात मिळतात, ते घ्या. चहा घेऊ नका. मंगळवेढ्याच्या आसपास काळीभोर सपाट रानं आणि त्यात उभी ज्वारी लागते. माझ्या शेजारी बसलेल्या बाई सोलापूरला लेकीकडे निघाल्या होत्या. कॉन्व्हेंट बघायला चालले आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“तितं काय बगायचं? किल्ला बगा, तळं बगा. कॉन्व्हेंट बंद पडून लई दिस झाले.”

“माझी आई शिकली तिथे.”

“मग बगा,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगाची पोळी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर सामान टाकलं. खोली स्वच्छ होती, पंखा आवाज करणारा. एवढ्या भाड्यात तक्रार करू नये. जवळच्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा. ही कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. आईच्या डब्यात तीच असायची. चावताना मोठा आवाज होतो. ‘कॉन्व्हेंटात कुणी चोरून खाऊ शकत नसे,’ असं आई हसत सांगायची. तिची एवढीच गोष्ट मला अजून निर्धास्तपणे आठवता येत होती.

दुसऱ्या दिवशी नऊला रिक्षाने सात रस्ता चौकाच्या पुढे उतरले. तुम्ही जाल तेव्हा सकाळीच जा. सोलापूरचं ऊन अकरानंतर कुणाचीही भीडभाड ठेवत नाही. फाटकावर नाव लिहून घेतात, ओळखपत्र बघतात, समोरून फोटो काढू देतात. रविवारी बंद असतं.

आणि समोरून ही इमारत खरोखर देखणी आहे, हे कबूल केलंच पाहिजे. काळ्या पाषाणाचे घडीव दगड, टोकदार कमानींची ओळ, मधोमध रंगीत काचांची गोल खिडकी. भिंती दोन हात जाड. वर मंगलोरी कौलं, त्यांच्याखाली लाकडी फळ्यांचं दुसरं छत आणि दोहोंच्या मध्ये वारा खेळायला जागा. बाहेर अंग भाजत असताना आतला व्हरांडा माठासारखा गार. उजव्या हाताला भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट आहे. बाहेरून कपाटात दूध, भाजी ठेवायची आणि ढकलायचं. ते गर्रकन फिरून आत जायचं. देणाऱ्याला आतल्या जोगिणी दिसत नसत आणि जोगिणींना देणारा. मी ते तीनदा फिरवून बघितलं. बिजागरीला तेल घातलेलं होतं.

दुरुस्तीचं काम चालू होतं. कामावर देखरेख करणारी मुग्धा नावाची तरुण वास्तुविशारद होती. कमानीचा एकेक दगड उतरवताना त्यावर लाल रंगाने आकडा टाकलेला, त्याच आकड्याने तो परत बसवायचा. चुन्यात बेलफळाचा गर आणि गूळ घालून तो मुरवत ठेवला होता. एवढी निगा बघून मला भरून आलं. मी तिला माझ्या आईचं सांगितलं.

“मागे जेवणघर आहे ना? तिथे जायचंय.”

तिचा चेहरा जरा उतरला. “मागचं वारसा यादीत नाहीये, ताई.” तिने फाइलमधलं पान दाखवलं. कमानी, गोल खिडकी, घंटा, जिना, फिरतं कपाट, सगळ्याचं वर्णन होतं. शेवटची ओळ अशी: ‘मागील बाजूस दुय्यम बांधकाम.’ बस. ज्या कुणी ते लिहिलं तो माणूस रस्त्यावर उभा राहून इमारत बघत असणार. जिथे मुली जेवल्या, भांडी घासली, आजारी पडल्या, वाढल्या, ते सगळं एका ओळीत दुय्यम झालं. संरक्षण कमानीला, आणि कमानीमागच्या माणसांना शून्य. या एका शब्दावर मी तासभर बोलू शकते. पण आधी मागे गेले.

जेवणघर म्हणजे लांबलचक दालन, शहाबादी फरशीचं. प्रत्येक फरशीवर मधोमध एक छोटी खूण छिन्नीने कोरलेली. पोपट, कंदील, तांब्या, छत्री, बाहुली. आईने मला या खुणांबद्दल सांगितलं होतं. लहान मुलींना वाचता येत नसे, म्हणून प्रत्येकीची फरशी ठरलेली आणि त्यावर तिची खूण. आईची खूण होती फणी. मी वाकून एकेक फरशी बघत दालनाच्या टोकापर्यंत गेले. फणी नव्हती. परत आले, पुन्हा बघितलं. नव्हती.

दालनाच्या पलीकडे एक दार आणि दारातून दोन पायऱ्या खाली. खाली पडवी. पडवीची सगळी फरशी उचललेली. उघड्या मुरुमावर पाणी मारलेलं, आणि भिंतीशी अठ्ठावीस फरश्या जाडीप्रमाणे लावून ठेवलेल्या, जाड मागे, पातळ पुढे.

मी त्या दोन पायऱ्यांवर उभी राहिले. वरचं दालन, खालची पडवी. दोन पंगती. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी सांगितलं तेच, दगडात बांधलेलं. पंचवीस वर्षं मी हजारो माणसांना जे सांगत होते ते त्या दोन पायऱ्यांनी खोटं ठरवलं होतं.

फरशीचं काम करणारे दगडू मिस्त्री केम गावचे. पन्नाशीचे, हातावर चुन्याचे डाग. मी विचारलं, “ह्या कधी उचलल्या?”

“चार दिस झाले. ओल धरली हुती खालून. आता बगा कशा बसवतो.” त्यांनी अभिमानाने दाराजवळचा कोपरा दाखवला. तिथे चार फरश्या बसवून झाल्या होत्या. गुळगुळीत, एकसारख्या, कोऱ्या.

“यांच्यावर खुणा नाहीत?”

“हायत की. खाली हायत. झिजलेली बाजू खाली घालायची, कोरी बाजू वर. फरशी पलटली की पंचवीस वर्सं बगायला नको. माज्या बापानं शिकवलंय.”

मी मुग्धाकडे पाहिलं. तिने मिस्त्रींकडे पाहिलं. “मिस्त्री, कुठली फरशी कुठे होती, ते लिहिलंत?”

“फरशीला कोण लिवतं, मॅडम? ती काय कमान हाय व्हय?”

ते चुकीचं बोलत नव्हते. त्यांच्या कामात फरशी अशीच बसवतात, जाडीला जाडी जुळवून, कोरी बाजू वर. जो कारागीर फरशी न पलटता बसवेल तो कामचुकार. आणि मुग्धाने तिला सोपवलेली कमान अगदी नीट सांभाळली होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मला धक्का बसला तो याचाच. आपला इतिहास पुसायला कुणी शत्रू लागत नाही. चांगल्या हाताचा मिस्त्री आणि यादीतली एक ओळ पुरते.

“अक्काला इचारा,” मिस्त्री म्हणाले. “ती हितंच वाढली. सैपाक बी हितंच केला बोर्डिंग मिटेस्तोवर. येईल आत्ता ताक घिऊन.”

आणि लक्ष्मीअक्का आल्या. बुटक्या, ठसठशीत, हातात स्टीलचा डबा. पद्मशाली विणकर घरातल्या, वडील मागावर. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. कामगारांना ताक वाटून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “तू कुणाची गं?”

“सुमनची. वैरागच्या. तिची खूण फणी होती.”

अक्का डबा ठेवून खाली बसल्या. “सुमी जित्ती हाय व्हय?”

“आहे. कोल्हापूरला असते माझ्याकडे.”

“केस हायत का अजून?”

“आहेत, भरपूर.”

“मग सिस्टरनं खूण बरोबर दिलती.” त्या हसल्या. घरून येताना जी वस्तू आणली तीच खूण मिळायची, असं त्यांनी सांगितलं. आईकडे फणीशिवाय काही नव्हतं. अक्का बापाची मोडकी छत्री घेऊन आल्या होत्या.

मी म्हणाले, “अक्का, आई सांगायची एकच पंगत होती. इथे तर दोन आहेत.”

“दोनच हुत्या. वरच्या मुलींच्या घरच्यांनी कालवा केला, आमची पोर त्यांच्या शेजारी बसणार न्हाय म्हणून. सिस्टर लोक दबले. मग महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या पोरी खाली पडवीत. तितं एक फरशी सोडून एक बसवायचे. मधली फरशी मोकळी. वाढणारी त्या मोकळ्या फरशीवर उभी ऱ्हायची आणि वरनं वाढायची. हात लागू नये म्हणून.” त्यांनी हात उंच धरून दाखवला. “वरण असं पडायचं. अर्धं अंगावर.”

आईच्या अंगावर गरम वरण उडताना मी कधी कल्पनाच केली नव्हती. मी तिला थेट टाळ्यांच्या वाक्यात बसवलं होतं.

“मी वर, सुमी खाली,” अक्का पुढे म्हणाल्या. “मला मराटी येत नव्हतं. दिवसभर सुमी शिकवायची. जेवताना मातर तोंड बंद, कारण ती पायरीखाली. एक दिस मी ताट उचललं आन् खाली जाऊन तिच्या शेजारच्या मोकळ्या फरशीवर बसले. सिस्टर धावत आली. म्हणाली, लक्ष्मी, ज्याची खूण जितं त्यानं तितंच बसायचं. नियम हाय.”

“मग?”

“मग काय. दुपारी समदे झोपल्यावर कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आन् त्या मोकळ्या फरशीवर छत्री काढली. बोट कापलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. सिस्टर आली. मी बोट दाखवलं, सिस्टर, माजी खूण हितंच हाय.”

“सिस्टर काय म्हणाली?”

“वाकून छत्री बगितली. मग वाढणारीला म्हणाली, बाई, उभं ऱ्हायला आता जागा न्हाय, वाकून वाढ.”

पुढच्या काही महिन्यांत पोपट खाली आला, मग कंदील, मग तांब्या. वरच्या मुली एकेक करून कर्कटकाने आपली खूण खालच्या मोकळ्या फरशीवर काढत गेल्या. काही मुलींना घरच्यांनी नेलं, त्यांच्या खुणा फक्त वरच राहिल्या. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वरचं दालन रिकामं आणि पडवीत एकच पंगत, छत्री, फणी, मासा, एकीला लागून एक. आई खोटं बोलली नव्हती. तिने पहिली दोन वर्षं गाळली होती.

मी ढिगातली एक फरशी ओढली. मिस्त्रींनी न सांगता हात लावला. खोल कोरलेला विळा निघाला. दुसऱ्यावर बारीक, वेडावाकडा ओरखडा, पोपट. छिन्नीच्या खुणा खालच्या मुलींच्या, कर्कटकाच्या खुणा वरून आलेल्यांच्या. आम्ही तिघं-चौघं तासभर फरश्या उलटत होतो. अठ्ठाविसाव्या फरशीवर फणी होती. दात मोजता येतील इतकी स्पष्ट. मी तिच्यावर हात ठेवला. छत्री ढिगात नव्हती.

मिस्त्री उठले, बसवलेल्या चार फरश्यांपैकी पहिलीखाली पहार घातली आणि ती उचकटली. दुसरी. तिसरीच्या पोटात छत्री होती. अक्कांनी पदराने तिच्यावरचा ओला चुना पुसला.

“आता ह्या नीट बसवू,” मी म्हणाले. “खूण वर करून.”

“बसवतो की,” मिस्त्री म्हणाले. “पर कुटली कुटं?”

मुग्धाने हळू आवाजात जे सांगितलं ते मी विसरणार नाही. “ताई, सुट्या फरश्या म्हणजे नुसत्या रेघोट्या. कुणीही म्हणेल, वात्रट मुलींनी रिकाम्या वेळात काढल्या. एक छिन्नीची, एक कर्कटकाची, अशी ओळ लागली तरच ती पंगत होते. ओळ हाच पुरावा आहे. आणि उचलण्याआधीचा एकही फोटो नाही माझ्याकडे.” तिचे डोळे भरले होते. “ओळ कळली तर यादीतला तो ‘दुय्यम’ शब्द बदलण्यासाठी मी स्वतः प्रस्ताव करते.”

अक्कांना स्वतःची धरून लगतच्या तीन जागा आठवल्या. त्यापुढे त्यांनी कपाळाला हात लावला. “चेहरे दिसतेत. जागा न्हाय दिसत.”

मिस्त्रींनी एक कबूल केलं. पडवी ते सगळ्यात शेवटी घेतील. आधी वरची कौलं चढवतील. कौलं चढेपर्यंत फरश्या भिंतीशी उभ्या राहतील, खुणा बाहेर करून. “त्याच्या फुडं मला बी मालकाला जाब द्यायचाय, बाई.”

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी अर्धा तास बसले. लोक किल्ल्याच्या बुरुजासमोर फोटो काढत होते. मीही आयुष्यभर असेच फोटो काढले आहेत, कमानीचे, बुरुजांचे. जिथे वरण वाढलं जातं ती जागा मी एकाही सहलीत विचारलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा पुडा आईपुढे ठेवला आणि मोबाईलवर फणीचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला.

“दोन होत्या,” मी म्हणाले. “मला कधी सांगितलं नाहीस.”

“पहिली दोन वर्षं सांगण्यासारखी नव्हती.”

“आणि मी पंचवीस वर्षं चुकीचं सांगत राहिले.”

“तू नीट ऐकत नव्हतीस. एक पंगत म्हटलं की तुझं समाधान व्हायचं. ती कशी झाली, हे तू विचारलंस कधी?”

सभेत मला निरुत्तर करणारा माणूस अजून भेटायचा आहे असं मी मानत होते. तो घरातच मेथी निवडत होता.

“लक्ष्मीने विचारलंय, केस आहेत का म्हणून,” मी म्हणाले. आई हसली, मग उगीच पदर सारखा केला. मी तिच्यापुढे वही ठेवली. “तुझी फरशी कुठे होती? डावीकडे कोण, उजवीकडे कोण?” तिने पेन घेतलं आणि चौकोन काढायला लागली. दाराकडून तिसरी, फणी. डावीकडे छत्री. उजवीकडे मासा, त्यापुढे विळा आणि विळ्याला लागून पोपट, ‘ती पोपटवाली फार बडबडायची.’ तिथून पुढे पेन थांबलं. अक्कांच्या तीन जागा त्यांत येऊन गेल्या होत्या. बत्तीसपैकी पाच फरश्यांचा पत्ता लागला.

माझं टाळ्यांचं वाक्य मी टाकून दिलं आहे. पुढच्या व्याख्यानात कर्कटकाची गोष्ट सांगेन, आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या गृहस्थांचे आभार मानेन. पण उरलेल्या सत्तावीस फरश्या माझ्या बोलण्याने जागेवर जाणार नाहीत. त्यांच्या जागा तुमच्या घरातल्या कुठल्यातरी मावशीला, आत्याला, आजीला ठाऊक आहेत. त्या नंतर शिक्षिका झाल्या असतील, विडीकामगार, नर्स, नाहीतर गावी शेतात राबल्या असतील. वैराग, केम, वेळापूर, अक्कलकोट, कुठेही असतील. सोलापूरच्या जोगिणींच्या बोर्डिंगात राहिलेली एकही बाई तुमच्या माहितीत असेल तर आजच तिच्यासमोर वही ठेवा आणि विचारा: तुझी खूण कोणती, डावीकडे कोण बसायचं, उजवीकडे कोण? ती जे सांगेल ते, तीन शब्द असले तरी, या लेखाखालच्या प्रतिक्रियेत लिहा. कौलं चढायला लागली आहेत.